सुईचं टोक सापडेपर्यंत

आमच्या घरात पाहुणे उभे राहतात आणि मशीन ऐसपैस बसतं. पुढची खोली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत त्यानंच अडवली आहे. पलंगाहून लांब लोखंडी चौकट, तिच्या गोल दांड्यांवर ताणून धरलेली गोधडी, आणि वर चाकांवरून सरकणारं लांब मानेचं डोकं. साध्या शिलाई मशीनवर आपण कापड सरकवतो; इथे कापड जागच्या जागी राहतं आणि बाई मशीन घेऊन फिरते. माझ्या थोरल्या जाऊबाई दोन्ही मुठी धरून ते फिरवू लागल्या की वरचं कापड, मधला कापूस आणि खालचं अस्तर एकाच वेलबुट्टीत शिवलं जायचं. सोफा केव्हाच गॅलरीत गेला. मी तिथे बसून बॉबिन भरते, दोरे कापते आणि कुरकुरते.

जाऊबाई तरुणपणी कपड्यांच्या कारखान्यात होत्या. तिथला एक नियम त्यांच्या हाडीमांसी भिनला होता. सुई मोडली की तिचे सगळे तुकडे शोधून आणायचे, नव्या सुईशेजारी जुळवून दाखवायचे, तेव्हाच दुसरी सुई हातात पडणार. टोक सापडेपर्यंत कपडा बाहेर जायचा नाही. न जाणो, कुणाच्या अंगात गेलं तर? पुढे कारखाना बंद पडला, थोरले भाऊजी गेले, घरात हे जुनं मशीन आलं, पण नियम काही सुटला नाही. आता मालकही त्याच आणि कामगारही त्याच, तरी मोडकी सुई त्या स्वतःलाच जुळवून दाखवायच्या.

"तपासनीस पास करतायत का?" मी विचारायची.

"तू हस," त्या म्हणायच्या. "तुझ्या अंगाला टोचली की मग कळेल."

दुसरा त्यांचा हट्ट सुई लावण्याचा. साध्या मशीनच्या सुईला वर एक बाजू सपाट असते, त्यामुळे ती चुकीची बसतच नाही. या मशीनच्या सुईचा दांडा मात्र सगळीकडून गोल. कशीही फिरते. तिच्या पुढच्या अंगाला दोरा बसायला एक बारीक चर असतो, तो नेमका समोर यायला हवा. जरा जरी वळला तरी टाके गळतात, दोरा पिंजतो, सुई वाकून खालच्या पट्टीवर आदळते. लोक त्यासाठी भिंग वापरतात. जाऊबाई डोळे मिटून सुईवरून नख फिरवायच्या, चर लागला की स्क्रू आवळायच्या. "डोळा फसतो, नख फसत नाही," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. मला ते इतक्या वेळा ऐकवलंय की झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन.

त्यांच्या हाताला सगळं कळायचं, हे मात्र खरं. त्यांना मूलबाळ नाही. माझी लेक त्यांच्याच मांडीवर वाढली, त्यांना मोठी आई म्हणते. लहानपणी ती किरकिर करायला लागली की मी तापमापक शोधत घरभर फिरायची आणि जाऊबाई कपाळाला हात लावून सांगून मोकळ्या व्हायच्या. कधी चुकल्या नाहीत. याचा मला रागच यायचा. आई मी होते.

थंडी सरली आणि मशीन बिघडलं. चांगली शिवण चालू असताना मधेच टाके गळायचे. दोरा कापसासारखा पिंजून सुटायचा. जाऊबाईंनी दोरा बदलला, मग बॉबिन बदललं, मग जाड सुई घातली, मग बारीक. हुकाजवळची धूळ ब्रशनं काढली, तेल दिलं, दोऱ्याचं टेन्शन कमी केलं, जास्त केलं. मशीनचं टेन्शन जाईना आणि माझं वाढत चाललं. "हल्ली दोराच वाईट येतो," त्या म्हणाल्या.

"नाचता येईना, अंगण वाकडं," मी गॅलरीतून म्हणाले. माझी जीभ अशीच आहे. उलट सुनवायचं सोडून त्यांनी पुन्हा दोरा ओवायला घेतला, तेव्हाच मला खटकायला हवं होतं.

मेकॅनिक आला. त्यानं झाकण उघडलं, नवी सुई लावली आणि मशीन लोण्यातून फिरवावं तसं फिरवलं. एक टाका गळाला नाही. "मशीनला काही झालेलं नाही, बाई," असं सांगून, चहा पिऊन तो गेला. मास्तर वर्गात आले की पोरं गप्प, तसलाच प्रकार! पुढच्या गोधडीला जाऊबाईंनी नेहमीप्रमाणे सुई बदलली आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

अशात माझी लेक बाळंत झाली. जाऊबाईंनी पांढऱ्या मऊ सुताचं दुपटं लावायला घेतलं. दुपटं कसलं, छोटी गोधडीच. वरून पानं, मधे पाखरं. लेक बाळाला घेऊन दवाखान्यातून थेट आमच्याकडे यायची होती. ती यायच्या आदल्या दिवशी सकाळी शेवटची ओळ शिवताना मशीननं टक्‌ असा आवाज केला आणि सुई मोडली.

वरचा दांडा मशीनमध्येच अडकून होता. मधला तुकडा जमिनीवर मिळाला. जाऊबाईंनी दोन्ही नव्या सुईशेजारी मांडले. टोक नव्हतं.

त्यांनी दुपट्यावरून हात फिरवला, तळहातानं, मग बोटांनी, इंचाइंचावर दाबत. मग लोहचुंबक फिरवलं. मी केर काढला, केरातून चुंबक फिरवलं, पट्टी उघडून हुकाच्या सांदीत पाहिलं. टोकाचा पत्ता नाही.

"उडून गेलं असेल खिडकीतून," मी म्हणाले.

"आतल्या कापसात असेल."

"चुंबकाला लागलं असतं ना!"

"उसवायचं," जाऊबाई म्हणाल्या. "सगळं."

माझं डोकं फिरलं. भांडतानाही आम्ही दोघी रीत सोडत नाही. मी त्यांना अहो-जाहो करूनच भांडते. "अहो, उद्या पोर येतंय घरी! काय उघड्या गादीवर निजवू? तुमचा कारखाना बंद पडून युगं झाली!"

"तुझ्या नातवाच्या पाठीत गेली तर?" त्या एवढंच म्हणाल्या आणि उसवायला बसल्या. मग मीही दुसऱ्या टोकाला बसले. बसले कसली, आपटलेच. एकेक टाका तोडताना मनात त्यांना नाही नाही ते बोलत होते.

उसवता उसवता मला अस्तरावर एक लाल ठिपका दिसला. मग दुसरा. "हे काय आणखी? रंग लागला की काय?" ठिपके मोजून ठेवल्यासारखे ओळीनं होते, आणि ओळ जाऊबाईंच्या बाजूला जात होती. मी बघत होते आणि त्यांनी कापड चिमटीत धरलं. हात उचलला तिथे नवा ठिपका.

"हात बघू तुमचा."

उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या टोकाला रक्ताचा थेंब होता. मी पदरानं पुसला. आत, मांसात, काहीतरी चमकत होतं. मी चिमटा आणला आणि ओढलं. मला स्वतःला कळ गेल्यासारखं झालं. जाऊबाई नुसत्या बघत होत्या, दुसऱ्याच कुणाचा हात असावा तशा.

ते टोक नव्या सुईशेजारी ठेवलं. तंतोतंत जुळलं. शोधताना बोट नेमकं त्याच्यावरूनच फिरलं होतं. हाताला ते सापडलं होतं. हातानं सांगितलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण माझ्या अगदी ओठावर आली. आयुष्यात पहिल्यांदा मी ती गिळली.

"दुखलं नाही?"

"नाही."

"कधीपासून?"

"आधी पाय बधिर झाले. मग बोटं." त्या कापडाच्या घडीकडे बघत होत्या. "साखरेनं होतं म्हणाले डॉक्टर. आहे तेवढं सांभाळायचं. गेलं ते काही परत यायचं नाही."

"आणि घरात कुणाला सांगितलं नाहीत?"

"काय सांगायचं? मग सुई तू लावली असतीस. आज सुई, उद्या दोरा. मी काय करायचं, गॅलरीत बसायचं?"

मला एकदम मेकॅनिक आठवला. त्यानं लावलेली सुई सरळ होती. त्यानंतरच्या सगळ्या जाऊबाईंनी लावल्या होत्या, डोळे मिटून, नख फिरवून. नख चरावरून जातही असेल, पण त्याच्याखालचं बोट गप्प होतं. आणि मी अंगण वाकडं म्हणून हिणवत होते. मला रडूच फुटलं. रडू आलं की मी ओरडते, तशी ओरडले, "उठा! सुई कशी लावायची ते दाखवा मला!"

त्या उठल्या. मी सुई वर सारली.

"चर समोर," त्या म्हणाल्या. "डोळे मीट. नख फिरव. अडकतंय?"

"नाही."

"घाई करू नकोस. थोडी वळव."

नखाला केसाएवढी खाच लागली. "लागली."

"आवळ स्क्रू."

अस्तर बदललं आणि मशीन त्यांनीच चालवलं. उसवलेली पानं पुन्हा भरली, पाखरंही. एक टाका गळाला नाही. त्या आवाजाकडे कान लावून होत्या. दुपटं पुरं झालं, आणि त्यांनी मशीन बंद केलं तरी मुठी सोडल्या नाहीत.

लेक आली. बाळाला दुपट्यात घातलं. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. ओल्या बाळंतिणीला काय सांगायचं? पोर किरकिरायला लागलं, तशी तिनं ते माझ्याकडे नाही, सरळ जाऊबाईंकडे नेलं.

"मोठी आई, बघ गं. अंग तापलंय का याचं?"

जाऊबाईंनी बाळाच्या कपाळावर हात ठेवला. नेहमीसारखाच, चारी बोटं पसरून. ठेवून राहिल्या. मग बोटं जरा दाबली. लेक उत्तराची वाट बघत होती.

जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तूच बघ गं," त्या म्हणाल्या.

मी पुढे होऊन पोराच्या मानेला हात लावला. "नाही, नेहमीसारखंच आहे," मी म्हणाले. जाऊबाईंनी हात अजून कपाळावरून काढला नव्हता.