न्हाणीचा झरोका

थंडी पडली की बाबा न्हाणीच्या झरोक्यात तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, बोळा कोंबतात. त्याच न्हाणीत गॅसचा गीझर आहे. मी बोळा काढून फेकतो आणि दुसऱ्या दिवशी नवा बोळा जागेवर असतो. गेल्या हिवाळ्यात ह्याच कोंडलेल्या न्हाणीत आई चक्कर येऊन पडली. गीझर आतली हवा संपवतो, मग विषारी गॅस साचतो आणि त्याला वासही नसतो, हे डॉक्टरांनी सांगितलं, मेकॅनिकने सांगितलं. मी तर सांगून सांगून थकलो. बाबांचं एकच, "थंडी आत येऊन राहिली ना बे."

डोकं फिरतं ते यामुळे की हाच माणूस धानाच्या खोलीची खिडकी भर थंडीतही कुणाला लावू देत नाही. कोंडलं की धान आतून तापतं, हे त्यांनीच लहानपणी माझा हात ढिगात खुपसून शिकवलं.

परवा बोळा हातात घेऊनच विचारलं, "धानाले हवा पाहिजे, मंग माणसाले कायले नाही?"

"धान मुकं असते," बाबा म्हणाले. "माणूस हाक तरी मारते."

आई बाजूला तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्या दिवशी मी मारली होती काय?"