भिंतींच्या आधी खिडकी

कुणाच्याही घरी गेले की आण्णा आधी उदबत्ती मागायचे. घरातली बाई कौतुकानं त्यांना देवघर दाखवायची. आण्णा देवघर ओलांडून थेट खिडकीपाशी जायचे, ती लावून घ्यायचे आणि पेटती उदबत्ती फटीवरून हळूहळू फिरवायचे. धूर हलला की म्हणायचे, "घर चांगलं हाय. पण ही खिडकी न्हाई, भोक हाय."

तासगावजवळ त्यांची द्राक्षबाग आणि बेदाण्याची शेड. जन्मभर वाऱ्यावर द्राक्षं वाळवून जगलेला माणूस वाऱ्याचा वैरी का व्हावा, असं तुम्हीही विचाराल. बागायतदारांच्या सहलीत ते युरोपात गेले होते. हॉटेलात त्यांनी खिडकीची मूठ फिरवली आणि अख्खी खिडकी वरून आत कलली. आपण ती मोडली या समजुतीनं आण्णा ती दोन्ही हातांनी तोलून उभे राहिले. बरोबरची मंडळी गाव बघून परतली, तरी हे तसेच. ती तशीही उघडते, हे कळल्यावर दुसरा कुणी शरमला असता. आण्णा प्रेमात पडले.

मी सांगलीत घरांचे नकाशे काढतो. आण्णा आले, नकाशाकडे बघितलंही नाही. म्हणाले, "आधी खिडकी ठरू द्या साहेब. घर काय, तिच्याभवती बांधू."

मग आम्ही खिडक्या बघत हिंडलो. शिरवळच्या एका कारखान्यात, पाचगणीतल्या एका बंगल्यात. बंगल्याच्या रखवालदारानं आम्हाला चोर समजून बसवून ठेवलं, तेव्हा आण्णा त्याच्या केबिनची खिडकी तपासत होते.

शेवटी पुण्याच्या एका विक्रेत्यानं नमुना दिला. दुहेरी काच, कडेला जाड रबर. आण्णांनी तो मोकळ्या प्लॉटवर दोन लोखंडी अँगलच्या मध्ये उभा केला. भिंती नाहीत, छप्पर नाही, नुसती खिडकी. ती लावून ते पलीकडे उभे राहिले आणि मला बोलायला सांगितलं. मी चहा झाला का म्हणून विचारलं.

"झाला," ते म्हणाले आणि वैतागले. "हे बाजूनं ऐकू आलं. खिडकीतनं न्हाई."

गावानंही खिडकीचा मान ठेवला. आण्णा पलीकडे खुर्ची टाकून बसले असले की लोक समोरून येऊन काचेवर टकटक करायचे. एकदा सोसायटीच्या निवडणुकीचा उमेदवार हात जोडून आला. आण्णांनी ऐकून घेतलं आणि खिडकी लावली. दोन्ही बाजूंना रान मोकळं होतं, पण उमेदवार मुकाट परत गेला.

आण्णा आणि त्यांची बायको, म्हणजे काकू, राहायचे शेडला लागून असलेल्या दोन खोल्यांत, अगदी रस्त्याला चिकटून. ट्रॅक्टर गेला की ताटात धूळ. काकूंचा खोकला थांबायचा नाही. एकदा आण्णा हळूच म्हणाले, "हे सगळं हिच्यासाठी चाललंय साहेब. साधी खिडकी लावून तिला फसवू व्हय?" मी हसायचा थांबलो. चहा घेऊन आलेल्या काकूंनी ते ऐकलं होतं.

"आवं, मी गेल्यावर माझा फोटोच लावा त्या खिडकीत," त्या म्हणाल्या. "त्याच्यावर तरी धूळ बसायची न्हाई."

त्या हिवाळ्यात काकूंना मिरजेच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. पुन्हा त्या धुळीत राहिलात तर अवघड आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. घरी आल्यावर काकूंनी मला बोलावलं. आण्णा बेळगावला खिडकी बघायला गेले होते.

"रस्त्यापासनं लांब, बागेच्या पल्याड चार खोल्या काढा," त्या म्हणाल्या. "खिडक्या तासगावातनं आणा."

"आण्णांना काय सांगू?"

"सांगा, नुसत्या भिंती हायत. खिडकी ठरली की पाडू."

आण्णांना हे पटलं, हे मला आजही खरं वाटत नाही. भिंती चढत होत्या आणि ते गवंड्याला रोज बजावत होते, की सिमेंट बेतानं घाल, पाडायचंय.

वास्तुशांतीच्या दिवशी भटजी पाटावर बसले आणि यजमानच सापडेना. शोधाशोध झाली. आण्णा मागच्या खोलीत होते. नवं धोतर नेसून, नुसत्या फरशीवर, तासगावच्या साध्या खिडकीखाली गाढ झोपलेले. एक झडप उघडी होती. बागेवरून येणारा वारा त्यांच्या अंगावरून जात होता.

भटजी उठवायला वाकले. काकूंनी त्यांना हातानंच थांबवलं.

"ऱ्हाऊ द्या जरा. उठले की खिडकी बघतील," त्या कुजबुजल्या आणि आवाज न करता त्यांनी दुसरी झडपही उघडली.