हा नारळ खाली फुटणार नाही

आमच्या गावचा आगीचा बंब आणि अँब्युलन्स नदीकाठी एकाच शेडमध्ये उभी असायची. बंबाला पाणी भरायला नदी जवळ बरी, असं जुन्या लोकांनी ठरवलेलं. उन्हाळ्यात ते बरोबरच होतं.

पूर आला त्या दुपारी आमच्या हिच्या छातीत कळ आली. फोन लावला तर ड्रायव्हर म्हणाला, "बाबा, गाडीच पाण्यात हाय. नुसता टप दिसतोय." आम्ही तिला बाजेवर घालून वरच्या रस्त्याला नेलं, तिथून ट्रॅक्टरनं. नाशिकचा दवाखाना लांबच राहिला. ती वाटेतच गेली. यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही.

पाणी उतरलं. नवीन शेड बांधायचं ठरलं, चांगली गोष्ट. पण चुन्याची फक्की मारून पाया आखला तो जुन्याच जागी. आणि नारळ फोडायचा मान मला. आमच्यात हा मान वडीलधाऱ्याला देतात, त्यात माझं घर नुकतं रिकामं झालेलं.

मी टोपी घालून गेलो. नारळ हातात घेतला आणि उभा राहिलो.

"फोडा बाबा, मुहूर्त टळतोय," नगराध्यक्ष म्हणाले.

"इथं नाय फोडणार."

"नासका निघाला काय?" मागून एक जण बोलला. लोक हसले.

"नारळ चांगला हाय. जागा नासकी हाय."

नगरपालिकेच्या साहेबांनी मला बाजूला घेतलं. जोतं कमरेएवढं उंच घेणार म्हणाले. समोरच्या बाभळीच्या शेंड्याला पुरात वाहून आलेलं लुगडं अजून लटकत होतं. मी तिकडं काठी केली. "पाणी तिथवर होतं. तुमचा बंब झाडावर चढतो काय?"

साहेब हळूच म्हणाले, "आजोबा, मलाही दिसतंय. पण वर मोकळी जागा म्हणजे बाजारतळ. दुकानवाले उठणार नाहीत."

"मग मी बसतो."

नारळ घेऊन तसाच चढ चढलो आणि बाजारतळाच्या मधोमध बसलो. भाजीवाली म्हणाली, "मामा, इथं माझी मेथी असती."

"उद्या तुझ्या धन्याला कळ आली तर गाडी कुठून येईल? नदीतून?"

ती पाटी ओढून घेत म्हणाली, "नीट टेका. बाकीच्यांशी तुम्हीच भांडा, मला बोलवू नका."

भांडतोय. रोज सकाळी जातो, काही जण शिव्या देतात, काही चहा. खालची फक्की पावसानं धुतली, पुन्हा कोणी मारली नाही. वरही अजून मारलेली नाही. नारळातलं पाणी आटलंय, हलवला तर खोबरं वाजतं. वाजू दे. फुटेल तर वरच फुटेल.