केसाएवढ्या धाग्याची गाठ

दुकान बंद केल्यापासून घड्याळवाल्या आजोबांना दिवस खायला उठायचा. एकेचाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून काढलेला हा माणूस आता घरातली चांगली चाललेली घड्याळं उघडून बसे. सून कॉलेजात शिकवायची आणि पंचेचाळिशीत पीएचडीच्या मागे लागली होती. तिला सासऱ्यांच्या लुडबुडीकडे बघायला फुरसतच नसे.

एका रविवारी ती जेवताना गप्प गप्प होती. आजोबांनी खोदून विचारलं तेव्हा कळलं, की पीएचडीसाठी तिला एका सेंद्रिय पदार्थाचा मोठा स्फटिक वाढवायचा होता. त्यासाठी मोहरीएवढा स्फटिक, म्हणजे बी, धाग्याला बांधून द्रावणात टांगायची. पाणी सावकाश उडत गेलं की बीवर थर चढतात. पण गाठ मारताना बी निसटायची, नाहीतर तिचा कोपरा उडायचा. पाच बिया वाया गेल्या होत्या.

"धागा जाड घेतेस तू," आजोबा म्हणाले. "केसाएवढा आण. गाठ मी मारतो."

कपातला चहा बशीत सांडणारा त्यांचा हात सुनेला रोज दिसत होता. तरी ती त्यांना प्रयोगशाळेत घेऊन गेली. भिंग डोळ्यावर चढलं, चिमटा बोटांत आला आणि हात दगडासारखा स्थिर झाला. दुसऱ्याच प्रयत्नात गाठ बसली.

पुढचे अडतीस दिवस आजोबा एक दिवसाआड हजर. हादऱ्यानं स्फटिक बिघडतो, म्हणून कुणी दार आपटलं की त्याची खैर नसे. प्रयोगशाळेत काम करणारी मुलं त्यांना 'हळू आजोबा' म्हणू लागली.

स्फटिक निघाला अंगठ्याच्या नखाएवढा, आणि इतका नितळ की खालच्या कागदावरची अक्षरं वाचता यावीत. मग सगळ्यांनी संरक्षक चष्मे चढवले आणि सुनेनं त्यात डोळ्यांना न दिसणारा लेसर सोडला. काहीच झालं नाही. आजोबांचा चेहरा पडला. तिनं स्फटिक किंचित फिरवला, अजून थोडा फिरवला, आणि समोरच्या पांढऱ्या कागदावर हिरवागार ठिपका उमटला.

"आत जाताना तर काही दिसलं नाही. मग हा आला कुठून?"

"न दिसणाऱ्या प्रकाशाचे दोन कण आत एकत्र येतात, बाबा. त्यांचा एक हिरवा कण होऊन बाहेर पडतो."

"म्हणजे जोडकामच की," आजोबा म्हणाले आणि खुशीत खुर्चीवर टेकले.

आता दर मंगळवारी त्यांच्यापुढे बिया घेऊन रांग लागते. परवा तर सुनेच्या सरांचीच बी त्यांनी परत पाठवली. म्हणाले, तडा गेलाय, दुसरी आणा.