पाचव्या ओळीतली चूक

आमच्या घरी कोणताही कागद आधी उजेडाकडे धरून पाहिला जाई आणि मग वाचला जाई. पूर्वज भोसल्यांच्या दफ्तरात कारकुनीसाठी नागपुरास आले, वडिलांची सगळी हयात कचेरीत गेली आणि मीही शहराबाहेरच्या कोराडीच्या वीजकेंद्रात कनिष्ठ लिपिक झालो. तेव्हा ही सवय आमच्या रक्तात होती असे म्हणण्यापेक्षा ती आमच्या पोटापाण्यात होती असे म्हणणे अधिक खरे ठरेल.

सत्तरच्या दशकाची अखेर असावी. मी चोवीस वर्षांचा होतो. शाळेत गणितात पहिला येत असे, प्री-युनिव्हर्सिटीलाही चांगले गुण होते. परंतु त्यानंतर नोकरी लागली आणि पाच वर्षे निघून गेली. त्या पाच वर्षांत मी जेवणाच्या सुट्टीत गणिते सोडवीत असे. वहीवर वीजकेंद्राची राख बसे, ती फुंकून पुढची ओळ लिहायची. पदवी घ्यायची तर गणिताचीच, एवढे ठरले होते. ती कोठून घ्यायची, हे मात्र ठरत नव्हते.

मार्ग दोन होते. एक आपल्याच शहरातल्या विद्यापीठाचा: महाविद्यालयात नाव घालून तीन वर्षे रोज वर्गात बसायचे आणि त्यासाठी कायम झालेली नोकरी सोडायची. दुसरा, राज्याच्या सीमेपलीकडील एका विद्यापीठाचा. तेथे बाहेरून परीक्षेला बसता येई. वर्षातून एकदा जाऊन पेपर लिहायचे, नोकरीला धक्का नाही. हा दुसरा मार्ग मला माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने दाखवला. तो काटोलकडचा, घरी संत्र्यांची बाग असलेला, माझ्याहून चार वर्षांनी मोठा.

"काहून गा, इतका इचार काय करून राहिला?" तो म्हणे. "तिकडचा फॉर्म भर. पगार चालू, पदवी चालू. अन् कोनी वर्गात उभं करून इचारत नाही तुले काही. तुले तर तेच पाहिजे ना, लाजाळूच्या झाडा?"

त्याचे म्हणणे खोटे नव्हते, आणि म्हणूनच मला ते संशयास्पद वाटे. ज्यात माझाच सगळा फायदा आहे अशी गोष्ट दुसऱ्याने आठवड्यातून तीनदा का सुचवावी? शिवाय जे विद्यापीठ विद्यार्थ्याचे तोंडही न पाहता त्याला गणित आल्याचा दाखला देते, त्याला स्वतःला गणित येते का? ही शंका मी कोणापाशी बोललो नाही. बोलणे मला कधीच जमले नाही. मी त्याऐवजी एक पत्र लिहिले.

पत्रासोबत फुलस्केप कागदावर एका बैजिक विधानाची पानभर सिद्धता जोडली. विधान माझेच होते आणि खोटे होते. पाचव्या ओळीत मी दोन्ही बाजूंना अशा एका राशीने भागले होते, जी शून्य असू शकते. शून्याने भागायचे नसते हे शाळेतले मूलही जाणते, म्हणून त्या राशीचा वेष मी असा बदलला की सहज पाहणाऱ्याला ती ओळखू येऊ नये. पत्रात नम्रपणे लिहिले की ही सिद्धता बरोबर आहे किंवा कसे, याविषयी मला शंका आहे, कृपया मार्गदर्शन व्हावे. त्याच्या दोन प्रती काढल्या. एक त्या दूरच्या विद्यापीठाच्या गणित विभागाला पाठवली, दुसरी शहरातल्या महाविद्यालयाच्या गणित विभागप्रमुखांना. मे महिना होता. प्रवेशाला अजून अवकाश होता.

दूरच्या विद्यापीठाचे उत्तर दहा दिवसांत आले. जाड पाकीट, माहितीपुस्तिका, कोरा अर्ज आणि टंकलिखित चार ओळी: आपली सिद्धता पाहिली, ती योग्य आहे, आपल्यासारख्या होतकरू विद्यार्थ्यांचे स्वागत आहे. सहकाऱ्याला मी ते दाखवताच त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. मी ते पत्र घरी नेले.

वडिलांनी ते खिडकीशी धरले. मग अर्जासोबतची सूचनांची चिठ्ठी धरली. दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.

"तुझं गणित तपासणारा आणि अर्ज घेणारा, दोघांची सही एकाच हाताची आहे," ते म्हणाले. "पुढचं तू बघ."

खरोखरच तसे होते. शेवटच्या अक्षराची शेपटी दोन्हीकडे सारखीच डावीकडे वळली होती. यावरून फार काही सिद्ध होत नाही, हे मला आजही मान्य आहे. एखाद्या लहान विभागात एकाच माणसाला दोन्ही कामे करावी लागत असतील. पण पाचवी ओळ त्या हाताने पाहिली नव्हती, हे मात्र निश्चित होते.

शहरातल्या महाविद्यालयाचे उत्तर आलेच नाही. जून गेला. मी त्यांच्याविषयीही वाईट मत करून घेतले: एकाने न वाचता उत्तर दिले, दुसऱ्याने वाचायचीही तसदी घेतली नाही. तरीही जुलैच्या पहिल्या आठवड्यात रजा टाकून मी कोराडीहून बसने शहरात गेलो आणि अर्ज भरला. खिडकीवरचा लिपिक म्हणाला, "पाच वर्षांचा खंड आहे. विभागप्रमुखांची सही लागेल."

विभागप्रमुख एका अरुंद खोलीत, उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांमागे बसले होते. त्यांनी अर्ज हातात घेतला, नाव न वाचता नुसते अक्षर पाहिले आणि टेबलाच्या खणातून माझा फुलस्केप कागद काढून शेजारी ठेवला.

"हे अक्षर तुमचंच ना?"

"हो, सर."

"उत्तराची वाट पाहिली असेल."

मी मान हलवली.

"शंका विचारली असती तर उत्तर पाठवलं असतं. ही शंका नाही. पहिल्या चार ओळी तुम्ही भराभर लिहिल्यात. पाचवीत अक्षर एकदम छापल्यासारखं झालंय. काही लपवायचं असलं की माणूस असं नीटनेटकं लिहितो. रोज पाहतो मी." त्यांनी उत्तरपत्रिकांकडे बोट दाखवले. "आमची परीक्षा घ्यायचं काय कारण?"

तेथून उठून जावे असे वाटले. पण सही हवी होती, म्हणून खरे तेच बोललो. "नोकरी सोडावी लागणार आहे, सर. कायमची आहे."

"मग घ्यायलाच हवी," ते म्हणाले. "परंतु परीक्षकानं आपला पेपर एकदा तपासून पाहायचा असतो. दुसरी चूक सापडली का?"

"दुसरी?"

त्यांनी सही न करता अर्ज आणि तो फुलस्केप कागद, दोन्ही माझ्याकडे सरकवले. "सापडली की या. शुक्रवारपर्यंत मी आहे."

शनिवारी प्रवेश बंद होणार होते. परतीच्या बसमध्ये मी तो कागद चार वेळा वाचला. दुसरी चूक नव्हती. मंगळवारी आणि बुधवारी जेवणाच्या सुट्टीत पुन्हा वाचला. नव्हती. सहकाऱ्याला मी झालेली हकिगत सांगितली, तेव्हा तो हसत सुटला.

"दुसरी चूक नसनच गा. तू त्याले फसवून पाहिलं, आता तो तुले फिरवून राहिला. शुक्रवार निघून गेला की झालं."

ही शक्यता माझ्याही मनात आली होती. अपमान झालेला माणूस सूड असाच घेईल: सौजन्याने आणि मुदतीत. दूरच्या विद्यापीठाचा अर्ज माझ्या खणात भरून तयार होता. त्यावर फक्त तारीख टाकायची राहिली होती.

गुरुवारी संध्याकाळी मी घरी कागद पसरून बसलेला पाहून वडील म्हणाले, "रुजुवात घेतलीस?"

कचेरीतली ती जुनी पद्धत. नक्कल मुळाशी ताडून पाहायची असली की एकाने मोठ्याने वाचायचे आणि दुसऱ्याने बोट ठेवून पाहायचे. एकट्याने दोन्ही केले तर डोळा आपल्याला हवे तेच वाचतो. वडिलांना बीजगणित विसरून चाळीस वर्षे झाली होती, हे मी त्यांना सांगितले.

"मला कुठं समजायचंय? तू ओळ वाच. मी आधार विचारीन. फायलीत नोंदीला आधार लागतो तसा."

मी वाचू लागलो. प्रत्येक ओळीनंतर ते म्हणत, "आधार?" आणि मी सांगे: दिलेले आहे, वरून आले, दोन्हीकडे मिळवले. पाचव्या ओळीवर मी थांबलो. "इथे आधार नाही. ही चूक मीच घातली आहे."

"असू दे. पुढे."

सहावी. मग सातवी.

"आधार?"

"वर्गमूळ घेतले. म्हणून ही धन संख्या..." इतके बोललो आणि माझाच आवाज मला ऐकू आला. वर्गमूळ धन येते तसे ऋणही येते. मी ऋणाचा विचारच केला नव्हता. पाचव्या ओळीत पेरलेल्या चोरीवर माझे इतके लक्ष होते की तिच्या पुढे दोनच ओळींवर दार सताड उघडे राहिल्याचे मला दिसले नाही. इतक्या वेळा वाचताना माझी नजर दरवेळी पाचवीवर जाई, समाधान पावे आणि तेथून थेट शेवटावर उतरे.

वडिलांचे बोट अजून सातव्या ओळीवरच होते. "सापडली का?"

"सापडली."

"मग जेव आता."

शुक्रवारी सकाळी विभागप्रमुखांना मी उभ्यानेच सांगितले. माझे वाक्य पुरे होण्याआधीच त्यांनी टाक उचलला.

"पाचवी तुम्ही मुद्दाम केली होतीत. तिचं काही नाही," सही करता करता ते म्हणाले. "सातवीसाठी इथं यायचं."

त्यांनी शाबासकी दिली नाही, याचे मला बरे वाटले. दिली असती तर मी पुन्हा संशयाने पाहिले असते. बाहेर व्हरांड्यात येऊन मी अर्ज उजेडाकडे धरून त्यांची सही पाहिली. असे करायचे कारण नव्हते, पण पाहिली.

त्याच दिवशी अर्ज खिडकीवर देऊन दुपारच्या पाळीला कोराडीला पोचलो आणि राजीनामा टंकून काढला. तो मी सहकाऱ्यासमोर ठेवला आणि रुजुवात घेऊ या म्हणालो. त्याने विनोद न करता कागद हातात घेतला. वाचायच्या आधी म्हणाला, "मी बी तिकडचाच फॉर्म भरला ना. परीक्षेले एकट्याले जायले बरं नाही वाटत. म्हणून तुले सांगत होतो."

तीन महिने मी त्याचा हेतू शोधत होतो. तो एवढाच होता. माझ्या उत्तराची वाट न पाहता त्याने लगेच मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि मी प्रतीवर बोट ठेवून ओळीमागून ओळ खाली सरकू लागलो. विषय, हुद्दा, विनंती, सगळे जुळले. शेवटी तो थांबला.

"तारीख नाही टाकली तू," तो म्हणाला.

मी पाहिले. दोन्ही प्रतींवर ती जागा कोरी होती. मी टंकताना विसरलो होतो की तेवढी वाट मागे उघडी ठेवली होती, हे मला त्या क्षणी सांगता आले नसते. आजही सांगता येत नाही. त्याने आपला पेन टोपण काढून माझ्यापुढे धरला. मी तारीख टाकली.