किनारीचं दुसरं टोक

जॉबरना हळू बोलता येत नसे. वीस वर्षं गिरणीच्या साचेखात्यात, कापड विणणाऱ्या मागांच्या खडखडाटात काढल्यावर माणसाचा आवाज एक तर चढतो, नाही तर बंदच होतो. त्यांचं दोन्ही झालं होतं. बोलले की खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जाई, आणि एरवी ते हातांनी बोलत. साचेखात्यात सगळे तसंच बोलायचे म्हणे. पोटावर दोन थापा म्हणजे जेवायला चल. कान धरला म्हणजे साहेब येतोय. दोन्ही हातांची पहिली बोटं एकमेकांना टेकवून झटक्यात लांब केली म्हणजे सुताची तार तुटली, साचा थांबव. आणि एक बोट हवेत गोल गोल फिरवलं म्हणजे सगळं ठीक आहे, चालू दे.

जॉबर हे काही त्यांचं नाव नव्हे. साचे म्हणजे माग लावून देणारा, बिघडले तर दुरुस्त करणारा आणि विणकरांवर लक्ष ठेवणारा तो जॉबर. गिरणी बंद पडली, पण कांदिवलीच्या आमच्या चाळीत नाव तेच राहिलं. मीही मनातल्या मनात तेच म्हणू लागले. तोंडावर अर्थात ‘अहो’. ते गेले त्याला आता चार महिने झाले. त्यांच्याबद्दल चार ओळी लिहाव्यात म्हणून बसते, तेव्हा लग्न आठवत नाही, आजारपण आठवत नाही. आठवतो तो ऐंशीच्या दशकातला एक साधा आठवडा. त्या आठवड्यात मी घरात पडून होते, आणि माझा नवरा दिवसभर घरात काय करतो ते मला पहिल्यांदाच दिसलं.

मी अंधेरीच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात होते. गिरणी बंद झाली तेव्हा नमू, आमची मुलगी, जेमतेम पाच महिन्यांची होती. मी सकाळी निघे ती संध्याकाळी येई, आणि नमूला जॉबर सांभाळत. तेव्हा पुरुषाने घरी बसून मूल सांभाळणं म्हणजे चाळीला विषयच. “काय जॉबर, आता कुठली पाळी?” असं कुणी जिन्यात विचारलं, की नमूला खांद्यावर टाकून ते ओरडून सांगत, “तिन्ही पाळये माझेच! बदली कामगार मिळत नाय!”

ग्रंथालयात वरच्या फळीवरचं पुस्तक काढताना मी स्टुलावरून पडले आणि पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरात गेला. मला रिक्षातून उतरवून घेताना जॉबर एवढंच म्हणाले, “पुस्तकां खालच्या फळीवर ठेवूची ना गो.” मग मला खाटेवर आडवं केलं, नमूला माझ्या शेजारी बसवलं, आणि आम्हा दोघींकडे आळीपाळीने बघून हसत सुटले. नमू सतरा महिन्यांची झाली होती आणि अजून चालत नव्हती. “आता घरात न चालणारी दोन झाली,” ते म्हणाले. “दोन साचे उभे. जॉबराचा काय खरा नाय.”

त्यांचा दिवस पाळ्यांनी चाले. सात वाजता ते तोंडाने भोंगा वाजवत. नमू बिछान्यात उठून बसे आणि दोन्ही हातांनी पोटावर थापा मारी. तिला ‘दूध’ हा शब्द अजून येत नव्हता, पण साचेखात्याची खूण येत होती. दूध, मग आंघोळ, मग धुणं. धुतलेला लंगोट वाळत घालण्यापूर्वी जॉबर तो उजेडात धरून बोटांनी चाचपत, जणू कापडाचा तागा तपासायला आलाय. “हेचो पोत गेलो,” म्हणत आणि तो बाद करत. दहा वाजता नमूची झोप, तिला ते ‘सुट्टी’ म्हणत. ती पाच मिनिटं आधी उठली, तर “सुट्टी भरली नाय, परत जा” असं तिला बजावून सांगत. ती ऐकत असे, हे मी स्वतः पाहिलं आहे.

लंगोटाला सेफ्टी पिन लावायला त्यांचा ठाम विरोध होता. ते विणकराची गाठ मारत. तुटलेली तार जोडायची ती गाठ, एवढीशी, सपाट, आणि ओढावं तसतशी घट्ट होणारी. एका दुपारी ते रॉकेलच्या रांगेत गेले असताना नमूने माझ्या शेजारीच कार्यक्रम उरकला. मी त्या गाठीशी झटत होते आणि नमू माझ्याकडे फार दयेने बघत होती. शेवटी मी कात्रीने लंगोटच कापला. परत आल्यावर जॉबरनी ते दोन तुकडे हातात घेतले. “एम.ए. झालीस ना गो तू?” एवढंच विचारलं.

आणि मग ती किनार. गिरणीतून कधी तरी आणलेली, ताग्याच्या कडेची दोन बोटं रुंद पट्टी, मधून एक निळा दोरा गेलेला. नमू रांगू लागली, तेव्हा ती स्टोव्हकडे जाऊ नये म्हणून त्यांनी किनारीचं एक टोक तिच्या कमरेला आणि दुसरं खाटेच्या पायाला बांधलं होतं. पुढे ती उभी राहू लागल्यावर तिने ते टोक कमरेवरून सोडवून घेऊन स्वतःच मुठीत धरलं, आणि दुसरं जॉबरच्या कमरेला गेलं. रोज चारच्या सुमारास दोघांची गॅलरीतून वरात निघे. पुढे लुंगीवर जॉबर, मागे किनार धरून डुलत डुलत नमू. या टोकापासून त्या टोकापर्यंत, शेजारच्या साळवीकाकूंच्या दारावरून परत. किनार हातात असली की नमू ऐटीत चाले. किनार काढून घेतली की धपकन खाली बसे आणि पोटावर थापा मारी.

एरवी हे हसण्यावारी गेलं असतं. पण त्या आठवड्याला एक शेवट होता. जॉबरना काम मिळालं होतं. मरोळला औद्योगिक वसाहतीत बँडेजच्या पट्ट्या विणणारा एक लहान कारखाना होता. तिथे पुढच्या सोमवारपासून हजर व्हायचं होतं. एवढ्या महिन्यांनी पुन्हा साच्यावर हात. ते दिवसातून दहा वेळा हाताची बोटं मोडून बघत. प्रश्न नमूचा होता. साळवीकाकूंनी आपण होऊन सांगितलं होतं, “मी बघेन हो दिवसभर. पण चालू तरी दे तिला. आज हिला उचलली, तर उद्या मलाच उचलायला माणूस लागेल. गुडघे गेलेत माझे.” आणि मालवणहून सासूबाईंचं पत्र आलं होतं: रविवारी येते, नातीला घेऊन जाते, शाळेच्या वेळी आणून सोडते. पत्रात रागाचं काही नव्हतं. सगळ्या घरांत तसंच चालायचं. तीन-चार वर्षं मूल गावी, आई-बाप मुंबईत.

जॉबरनी ते पत्र वाचून देवाच्या फोटोमागे ठेवलं. मग नमूला कडेवर घेऊन डॉक्टरकडे गेले. डॉक्टरांनी पाय वाकवून पाहिले आणि म्हणाले, पायात काही दोष नाही, आळशी आहे. जॉबरना तो शब्द फार लागला. “आळशी? माझ्या खात्यात एक दिवस खाडो नाय हिचो!”

सोमवारी त्यांनी किनार लपवून ठेवली आणि दिवसभर नमूला चालायला बोलावलं. खुळखुळा दाखवला, केळं दाखवलं, खाटेवरून माझं पुस्तकही ओढून दाखवलं. तिने सगळं बसल्या जागी मागितलं. मंगळवारी त्यांनी तिला भिंतीला टेकवून उभं केलं, दोन पावलं मागे सरले आणि हात पसरले. ती त्यांच्या कमरेकडे बघत राहिली. किनार नव्हती. ती बसली. संध्याकाळी मी, दिवसभर पडून वैतागलेली, बोलून गेले, “तुम्हीच लावलीत ही सवय. पोर बांधून ठेवलीत आणि आता म्हणता चाल.”

 ते मांडीवर दोन्ही हात उताणे ठेवून बसून राहिले. ते हात तसे गप्प पडलेले मी आधी कधी पाहिले नव्हते. मग, त्यांच्या मानाने अगदी हळू, म्हणाले, “गावाक ऱ्हवलो होतो मी पाच वर्सां. आई इली मुंबयहून, तेव्हा मी तिका वळकूक नाय. आजीच्या पाठी लपलो.” एवढंच. उठून त्यांनी डब्यातून किनार काढली आणि नमूच्या हातात दिली. तिला इतका आनंद झाला, की मला त्यांच्याकडे बघवेना.

बुधवारी चार वाजता वरात पुन्हा निघाली. माझी खाट दाराशी सरकवलेली होती, त्यामुळे गॅलरी मला लांबपर्यंत दिसे. जाताना दोघं पाठमोरी दिसली आणि मी पुस्तकात डोकं घातलं. परत येताना मान वर केली, तर पुढे जॉबर, मागे नमू, आणि मधे काहीच नाही. त्यांच्या कमरेची गाठ सुटली होती. विणकराची गाठ, आणि सुटली! कमरेला घाईघाईत साधीच मारली असावी. ते टोक जमिनीवरून नमूच्या पायांशी फरफटत होतं आणि ती मुठीतल्या टोकावर विश्वास ठेवून तुरुतुरु चालत होती. जॉबरना पत्ता नव्हता.

माझ्या तोंडून हाक येणारच होती. ती मी कशी गिळली कोण जाणे. हाक मारली असती, तर ते वळले असते, नमूने खाली बघितलं असतं, आणि सगळं धपकन बसलं असतं. लग्नाला सहा वर्षं झाली होती, पण त्यांच्या त्या खुणा मी कधी केल्या नव्हत्या. चार लोकांत हातवारे करणं मला गावंढळ वाटे; ते ताटावरून खूण करत आणि मी मुद्दाम पूर्ण वाक्यात उत्तर देई. त्या दिवशी मी खाटेवर अर्धी उठले, दोन्ही बोटं एकमेकांना टेकवली आणि झटक्यात लांब केली. तार तुटली.

त्यांची नजर माझ्या हातांवर आली. पाऊल थांबलं नाही. वीस वर्षांची सवय. मान वळली नाही. हात तेवढा कमरेकडे गेला, गाठीच्या जागी रिकामं कापड चाचपलं. मग तोच हात त्यांनी माझ्याकडे किंचित उचलला आणि एक बोट गोल गोल फिरवलं. चालू दे. आमच्या दारावरून ते तसेच पुढे गेले, मागून नमू गेली, आणि शेजारच्या दारात साळवीकाकू दोन्ही हात तोंडावर ठेवून उभ्या राहिलेल्या मला दिसल्या. जॉबरच्या पाठीमागे ते बोट अजून फिरतच होतं.

त्या संध्याकाळी त्यांनी कात्री मागितली. “तुका सवय आसा कापूची,” म्हणून मला टोमणाही मारला. मग किनारीचा वीतभर तुकडा कापला. गुरुवारी आणखी थोडा, शुक्रवारी आणखी. नमूला किनारीची लांबी नको होती, मुठीत काही तरी हवं होतं. शनिवारी ती चार बोटांची चिंधी धरून एकटी साळवीकाकूंच्या दारात जाऊन उभी राहिली आणि पोटावर थापा मारल्या. काकूंनी तिला शिरा दिला आणि आम्हाला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाल्या, “जॉबर, तुमचा कामगार लागला हो कामाला!”

रविवारी सासूबाई आल्या. फणसाचे गरे, कोकम, आणि नातीला न्यायला एक नवं घोंगडं. त्या पिशव्या खाली ठेवत होत्या, एवढ्यात नमू आतून चालत आली आणि त्यांच्या लुगड्याचा काठ धरला. सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या. “चलता मा गो ह्या चेडू! मगे मी कित्याक इलंय? आता मी कोणाक घेवन जाव?” जॉबर म्हणाले, “माका घेवन जा.” आणि हसता हसता घाईने मोरीत जाऊन तोंड धुऊन आले. सासूबाई आठवडाभर राहिल्या. घोंगडं नमूसाठीच ठेवून गेल्या.

त्या आल्याच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, जॉबर कामाला निघाले. जिना उतरून गेले, परत आले. डबा विसरला होता. पुन्हा गेले, परत आले, छत्री. तिसऱ्यांदा आले तेव्हा काय विसरलं ते त्यांनाच सांगता येईना. नमू काकूंच्या दारात चिंधी धरून उभी होती. तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि एक बोट वर करून वेडंवाकडं गोल फिरवलं. मग मात्र ते गेले.

मरोळच्या त्या कारखान्यात ते निवृत्तीपर्यंत होते. त्यांचा आवाज शेवटपर्यंत उतरला नाही. नातवंडांना फोन करत, तेव्हा मी म्हणे की फोनची गरज काय. खुणांचं म्हणाल, तर त्या बुधवारनंतर मीही त्या शिकले. लग्नकार्यात, भर पंगतीत आम्ही एकमेकांशी वाटेल ते बोलत असू आणि लोकांना वाटे, जॉबरांची बायको किती शांत.

इस्पितळात शेवटच्या दिवसांत त्यांच्या तोंडावर मास्क होता. ते पोटावर थापा मारत आणि नर्स विचारी, पोटात दुखतं का? नमू तिला समजावून सांगे, भूक लागली आहे, हे फार चांगलं लक्षण आहे. शेवटच्या दुपारी भेटीची वेळ संपली आणि आम्हाला बाहेर जायला सांगितलं. त्यांना कुशीवर वळवलेलं होतं, पाठ दाराकडे. मी दारापाशी थांबले. मला जाववत नव्हतं. छत्री विसरली का, पिशवी विसरली का, असं काही तरी शोधत मी रेंगाळले असेन. त्यांना मी दिसत नव्हते. पण पांघरुणातून त्यांचा हात पाठीमागे आला, आणि एक बोट हळूहळू गोल फिरू लागलं.

मी नमूचा हात धरला आणि आम्ही दोघी चालू लागलो.