उलटा हात

वायरमनच्या कोर्सला जायला लागल्यापासून माझी लेक फ्रिज उघडण्याआधी हात उलटा करून त्याला बोटांची मागची बाजू टेकवते. मी विचारलं, तर म्हणाली, "आई, करंट असला की मूठ मिटते आणि सुटत नाही. उलटा हात झटकन मागे येतो."

फी भरताना आम्ही दोघींनी सगळं जुळवून पाहिलं होतं. सर्टिफिकेट, मग नोकरी, मग घराला हातभार. त्या हिशेबात ही मूठ नव्हती. ज्यावर पोट भरायचं, त्यालाच जन्मभर भिऊन हात लावायचा. आता मला मिक्सर, गीझरसुद्धा दबा धरून बसल्यासारखे वाटतात.

आज ती निघताना तिच्या गालावरून हात फिरवायला गेले, तर माझाही हात उलटाच पुढे झाला.